वरच्या मजल्याची चिठ्ठी

अकोला,
१२ जानेवारी २०२५

ज्योत्स्ना,

जय भीम. पत्रात पहिले खुशाली लिहा लागते म्हणतात. मी जिवंत आहो. तू जिवंत आहेस हे तुह्या फोटोवरून दिसते. झाली खुशाली.

मावशी फोन काहून उचलत नाही म्हणून रुसू नको. तुह्या टांझानियातून निघालेला आवाज अर्धा तिथंच राहते. अन् मी जोरात बोलली का भिंतीपल्याड सुंदरा ऐकते. नुसती ऐकत नाही, जबाब देते. परवा तू विचारलं, जेवली का, तर मी तोंड उघडाच्या आधी तीच ओरडली, "जेवली व, माह्या हातची वांग्याची भाजी होती, मीठ जास्त झालं होतं!" म्हून मी आता कागदावर लिहीन अन् फोटो काढून मोबाइलवर पाठवीन. तूही हातानं लिहून तसाच फोटो पाठवजो. मोबाइलचं बारकं अक्षर मले दिसत नाही. अन् मोठं अक्षर काढजो. डॉक्टर झाली म्हणून कागदावर मुंग्या सोडू नको. तसंही कागदावर खोटं लिहाले वेळ लागते, फोनवर लोक पटकन बोलून जातात.

तू गेली तवापासून जो तो मले दात दाखवाले येते. किसनरावनं काल भररस्त्यात तोंड उघडलं. मी म्हणलं, बाप्पा, बंद करा, मी शाळेत खिचडी शिजवते. डॉक्टरची मावशी आहो, डॉक्टर नाही. पण चूक माहीच आहे. तुह्या इंटर्नशिपमधे पाच लोकायच्या कवळ्या पुऱ्या करा लागत होत्या अन् तुले पेशंट भेटत नव्हते, तवा मीच घरोघर फिरली ना. 'पोरीच्या कॉलेजात चला, फुकट दात बसवून भेटतात' म्हणून पार बार्शीटाकळीहून माणसं जमवली अन् एसटीत कोंबून अमरावतीले आणली. पाच कवळ्या झाल्या म्हून तुहं नाव कॉलेजच्या परदेशाच्या यादीत लागलं. तुह्या सोबतची ती आकांक्षा चारावर अडकली अन् घरी बसली.

पाचवी कवळी सुंदराची. ती आता गालात आतून घासते म्हणे. आठ दिवसांपासून तिनं कवळी वाटीत काढून ठेवली अन् वाटी खिडकीत. मी जाता-येता पाहते, दात एकटेच हसून राहतात. म्हणलं दुसऱ्या डॉक्टरले दाखव. तर म्हणे, "ज्योत्स्नाचे दात आहेत, ज्योत्स्नाच घासून देईन." आता तू चार महिन्यांनी येशीन. तोवर बसा.

जेवजो. उपाशी काम करू नको.

मावशी


सरोवराकाठचा दवाखाना, टांझानिया
१९ जानेवारी २०२५

प्रिय मावशी,

जय भीम. अक्षर मोठं काढलंय. दवाखान्यात नेटवर्क नाही. संध्याकाळी मागच्या टेकडीवर चढलं की येतं. तिथे उभी राहून तुझं पत्र वाचलं आणि एकटीच हसत बसले.

इथे सकाळी सातलाच ओळ लागते. लोक लांबून चालत येतात, दुखरा दात बोटाने दाखवतात आणि काढून टाका म्हणतात. भूल देताना ओळीतली अनोळखी माणसंसुद्धा 'पोले, पोले' म्हणतात. तुझ्या दुखण्याचं वाईट वाटतं, असा त्याचा अर्थ. मी मराठीतून धीर देते, ते त्यांच्या भाषेतून. चालतं.

आमच्यावर डॉ. नेमा आहेत. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, तुझ्यासारख्याच तोडून बोलणाऱ्या. पहिल्या दिवशी मी सरळ दुखऱ्या दाढेकडे गेले. त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, "दाढ कुठे पळून जात नाही. आधी सगळं तोंड बघ." ओठ, दोन्ही गाल, जीभ बाहेर काढून तिच्या कडा, जिभेखाली, टाळू. मग दाढ. रोज पन्नास माणसं, आणि प्रत्येकाचं तसंच. पहिल्या आठवड्यात मला कंटाळा आला होता. आता हात आपोआप जातात.

सुंदराकाकूंचं नीट विचारून कळव. कोणत्या गालाला घासतं? रक्त येतं का? कवळी अजिबात घालू नको म्हणावं, कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भर म्हणावं. तंबाखू बंद. दोन आठवड्यांत भरून आलं नाही तर मी येईपर्यंत थांबायचं नाही, दाखवायला न्यायचं.

तू वेळेवर झोप.

तुझी
ज्योत्स्ना


अकोला,
२ फेब्रुवारी २०२५

ज्योत्स्ना,

तुहं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. शाळेत तपासणी होती, साहेब लोक आले होते, खिचडीत डाळ किती अन् तेल किती थे मोजत बसले. म्हून उशीर.

उजवा गाल का डावा गाल मले काय माहीत? मी काय तिच्या तोंडात राहते? दाण्याएवढं काही तरी आहे म्हणते. मिठाचं पाणी चालू आहे. तंबाखू बंद कर म्हणलं तर मले म्हणे, "शाले, तू तोंड बंद कर, मी तंबाखू बंद करते." अशी बाई.

बाकी ठीक आहे तिचं. ताक-भात खाते. भाकर नको म्हणते, तिखट लागते म्हणे. भाकर कधी तिखट लागते का? नखरे वाढले दात बसवल्यापासून.

तू तिथं शिकाले गेली. इथल्या एका कवळीत जीव अडकवून ठेवू नको. तुही माय तुले तीन वर्षांची माह्या ओटीत टाकून गेली, तवापासून मी एकच पाहिलं का ह्या पोरीनं मागं पाहू नये. समोर पाह्य.

मावशी


सरोवराकाठचा दवाखाना
५ फेब्रुवारी २०२५

मावशी,

नखरे नाहीत ते. भाकरी तिखट लागते म्हणजे आतली कातडी सोलली आहे. भाकरी नको म्हणजे तोंड पुरतं उघडत नसेल. त्यांना तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांग, जातात का बघ.

मला ऑगस्टमधली ती सकाळ आठवते आहे. तू काकूंना दुसऱ्यांदा घेऊन आली होतीस. मला त्यांच्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला होता. डाव्या गालात. मी चिठ्ठी लिहून दिली, दुसऱ्या मजल्यावर बारा नंबरच्या खोलीत दाखवून या, मग माप घेऊ म्हणाले. तुम्ही दोघी अर्ध्या तासाने परत आलात आणि तू म्हणालीस, दाखवलं, काही नाही.

तिथे ज्यांनी तपासलं त्यांनी नेमकं काय सांगितलं? एकेक शब्द लिही. 'काही नाही' एवढंच लिहू नकोस.

ज्योत्स्ना


अकोला,
९ फेब्रुवारी २०२५

ज्योत्स्ना,

तू मले पोलीस झाली का डॉक्टर? वरच्या मॅडमनं पाहिलं. बॅटरी मारून पाहिलं. तंबाखूचा डाग आहे म्हणे, धुऊन जाईन. चश्मेवाली होती मॅडम, चांगली बोलली. झालं समाधान?

तुह्यासाठी मी खिचडीच्या कामावर खाडे केले, लोकायचे टोमणे ऐकले, ओकाऱ्या करणाऱ्या म्हाताऱ्यायले एसटीत धरून बसली. अन् आता तू तिथून मले उलटतपासणी करून राहिली. मले शाळा नाही, पण अक्कल आहे.

मावशी


सरोवराकाठचा दवाखाना
११ फेब्रुवारी २०२५

मावशी,

ऑगस्टमध्ये बारा नंबरला मॅडम नव्हत्या. बाळंतपणाच्या रजेवर होत्या. दिवाळीपर्यंत तिथे सर बसत होते.

मला उत्तर लिहू नकोस. उद्याच्या उद्या काकूंना मोठ्या दवाखान्यात ने.

ज्योत्स्ना


अकोला,
६ मार्च २०२५

ज्योत्स्ना,

मी इतके दिवस काही लिहिलं नाही. तू रोज मोबाइलवर प्रश्नचिन्ह टाकत होती, थे मले दिसत होतं. आता सारं एकदम वाच. मधात उठू नको.

तुहं पत्र आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी तिले नेलं. दोन दिवस भांडणात गेले. म्हणे, "मी दुसऱ्या कोणासमोर तोंड उघडत नाही, मी काय बाजारातला बैल आहो का दात पाहाले? ज्योत्स्ना येईन तवा पाहीन." मी तिच्या हाताले धरून ऑटोत बसवलं. ती रस्ताभर ऑटोवाल्याले सांगत होती, "पाह्य रे भाऊ, कशी पळवून नेऊन राहिली."

दवाखान्यात डॉक्टरनं तिच्या तोंडात बॅटरी मारली. मग बॅटरी बंद केली अन् माह्याकडं पाहिलं. तिच्याकडं नाही. मले तवाच समजलं.

तुकडा काढून पाठवला. रिपोर्ट परवा आला. कॅन्सर आहे. डाव्या गालात आहे, जबड्यात उतरला, मानेत एक गाठ आहे. तोंडात तीन बोटं काय, दोन बोटं जात नाहीत. तू म्हणली तसंच. दोन महिन्यांपासून ती भाकर ताकात कालवून पीत होती अन् मी त्याले नखरे म्हणत होती.

तिचा धर्मेंद्र दालमिलमधून तसाच आला होता, केसांत डाळीची चुरी. डॉक्टरनं त्याले विचारलं, "आई इतकी दुखण्यात होती तर आणली काहून नाही?" तो म्हणे, "कवळी घासते वाटलं साहेब." डॉक्टर म्हणे, "कवळी केली तवा कोणी तोंड तपासलं नव्हतं?" धर्मेंद्र म्हणे, "तपासलं होतं. वरच्या मजल्यावर दाखवलं होतं. ही आमची शालूमावशी संग होती." सारे माह्याकडं पाहाले लागले.

मी मान हलवली. हो म्हणून.

आता तुले सांगते. आमी वर गेलोच नव्हतो.

तू चिठ्ठी दिली. जिन्याखाली एक बाई गालात कापूस धरून बसली होती. मी तिले विचारलं, वर काय करतात? तिनं सांगतलं, गालाचा तुकडा काढतात, रिपोर्टले दोन हप्ते लागतात, तोवर दातांचं सारं काम बंद. मी तिथंच उभ्यानं मोजलं. तुही यादी लागाले अकरा दिवस होते अन् कवळी व्हाले अजून चार खेपा. दुसरा पेशंट शोधाले वेळ नव्हता.

सुंदराले म्हणलं, तू बस, वर गर्दी आहे, मी विचारून येते. जिन्याच्या वळणापर्यंत गेली. भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मग खाली आली अन् तिले सांगतलं, काही नाही म्हणे, तंबाखूचा डाग आहे. ती म्हणे, "पाह्य, मी तर म्हणतच होती, तुही ज्योत्स्ना उगीच घाबरते." कँटिनमधे मी तिले समोसा घेऊन दिला. तिनं थो हिरड्यांनी खाल्ला. मग आमी तुह्याकडं आलो अन् मी तुले म्हणलं, दाखवलं. तू म्हणली, बरं.

चिठ्ठी मी येतानी बडनेऱ्याच्या पुढं एसटीच्या खिडकीतून टाकली.

मले वाटलं होतं, अकरा दिवस झाले का नेऊ. मग तुही यादी, तुहा पासपोर्ट, तुही बॅग, अन् मी विसरली. नाही, विसरली नाही. ती नवे दात लावून विचारे, "शाले, मी नवरी दिसते का व?" तवा तवा आठवे. अन् मी दुसरं काही बोलत असे.

पुढच्या हप्त्यात तिचं नागपूरले ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणे, सहा महिन्याआधी आणली असती तर लहान काम होतं.

मावशी


सरोवराकाठचा दवाखाना
८ मार्च २०२५

मावशी,

पत्र तीनदा वाचलं. मध्ये उठले नाही.

आता माझं ऐक. तू खोटं बोललीस हे मला त्याच दिवशी कळलं होतं.

बारा नंबरला दाखवलं की चिठ्ठीवर शिक्का बसतो आणि ती चिठ्ठी केसपेपरला टाचण्यासाठी परत येते. तू रिकाम्या हाताने आलीस. मी तुझ्या हाताकडे पाहिलं. तुला विचारायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, बरं. मग केसपेपरवर लिहिलं, 'संबंधित विभागात दाखवले, हरकत नाही.' आमच्या सरांनी माझ्या भरवशावर सही केली.

माप घेताना काकूंच्या डाव्या गालाला माझं बोट लागलं. चट्टा खरबरीत होता. साधा डाग खरबरीत नसतो, हे आम्हाला तिसऱ्या वर्षाला शिकवतात. मी बोट पुढे सरकवलं आणि काकूंना म्हणाले, आ करा अजून. तुझ्यासारखे मीही अकरा दिवसच मोजत होते.

इथे काल मी डॉ. नेमांना विचारलं. माझं म्हणून नाही, एका मैत्रिणीची गोष्ट म्हणून सांगितली. त्या हात धूत होत्या. म्हणाल्या, "त्या मैत्रिणीला सांग, अजून कुणाच्या तोंडात हात घालू नकोस." मग टॉवेलला हात पुसून त्यांनी पुढच्या रुग्णाला बोलावलं आणि त्याला माझ्या खुर्चीवर बसवलं. आज मी बावीस जणांना तपासलं. प्रत्येकाच्या गालावरून बोट फिरवताना मला काकूंचा गाल लागतो.

मी तिकीट बदलून परत येते.

ज्योत्स्ना


नागपूर,
३० मार्च २०२५

ज्योत्स्ना,

येऊ नको. येऊन काय करशीन? दवाखान्याच्या वऱ्हांड्यात आधीच गर्दी आहे.

ऑपरेशन नऊ तास चाललं. डाव्या बाजूचा खालचा जबडा काढला. छातीचं मांस काढून गालाले लावलं. नाकात नळी आहे, त्यातून दूध अन् पाणी देतात. बोलता येत नाही तिले. सुंदराले बोलता येत नाही, हे मी लिहून राहिली तरी मले खरं वाटत नाही.

आरसा कोणी देत नव्हतं. तिनं जेवणाची स्टीलची थाळी उचलली अन् तिच्यात पाहिलं. गंज वेळ पाहिलं, पाहतच राहिली. मग थाळी पालथी ठेवली.

धर्मेंद्र रात्रीच्या पाळीवर जाते अन् सकाळी नागपूरच्या गाडीत बसते. वऱ्हांड्यात झोपते. मले म्हणे, "मावशी, तू नसती तर मी काय केलं असतं?" माह्यासाठी चहा घेऊन येते. थो चहा माह्यानं पिववत नाही. नालीत ओतते त्याची पाठ वळली का.

मी त्याले अन् तिले सांगणार आहो. कधी थे ठरलं नाही. तुह्या पत्रातलं वाचून मले राग यावा होता, का ह्या पोरीनं मले त्या दिवशी पकडलं काहून नाही. राग आला नाही. आपण दोघी एकाच वेळी एकाच जिन्याकडं पाठ करून उभ्या होतो.

तुहं काम पुरं कर.

मावशी


सरोवराकाठचा दवाखाना
२ एप्रिल २०२५

मावशी,

तू म्हणतेस म्हणून मी राहते. पण एक विनंती आहे.

आत्ता सांगू नकोस. सांगायचंच नाही असं मी म्हणत नाहीये. काकूंचा किरणांचा शेक सुरू व्हायचा आहे, सहा आठवडे रोज. त्यात माणूस खचून जातं. आत्ता हे ऐकलं तर त्या औषधही घेणार नाहीत. अशा वेळी रुग्णाला धक्का देऊ नये.

जूनपर्यंत थांब. मी परत आलेली असेन, इंटर्नशिपही संपलेली असेल. मी स्वतः काकूंसमोर बसून सांगेन, धर्मेंद्रदादालाही सांगेन. वीस जूनला प्रमाणपत्र हातात पडतं. त्याआधी हे कॉलेजच्या कानावर गेलं तर चौकशी बसेल आणि पाच वर्षं पाण्यात जातील. माझी आणि तुझीही. मी डॉक्टरच झाले नाही तर काकूंना तरी माझा काय उपयोग?

वाचून झाल्यावर हे पत्र मोबाइलमधून काढून टाक.

ज्योत्स्ना


अकोला,
२१ एप्रिल २०२५

ज्योत्स्ना,

तुहं पत्र काढून टाकलं नाही. गंज वेळा वाचलं. तू काकूच्या तब्येतीपासून सुरू केलं अन् सर्टिफिकेटवर आली. मीही असंच करते, म्हून मले ओळखू आलं.

तरी मी थांबली. तुह्या शब्दाखातर नाही, माह्या भेकडपणाखातर.

चौदा तारखेले जयंती झाली. मिरवणूक आपल्या गल्लीतून गेली. पोट्टे नाचत होते, बाया पांढऱ्या लुगड्यात. सुंदरा दारात खुर्चीवर बसली होती, तोंडाले पदर, पदरातून नळी बाहेर. गल्लीतलीच देवमनची बायको तिच्यापाशी वाकली अन् मोठ्यानं म्हणाली, बहिऱ्या माणसासंग बोलावं तसं, "काय नशीब व बाई! आपली ज्योत्स्ना इथं असती तर तुह्यावर अशी वेळच येऊ दिली नसती!"

सुंदरानं मान हलवली. हो म्हणून. अन् माह्याकडं पाहून हसाले गेली, जितकं तिच्या तोंडानं आता हसता येते तितकं.

दुसऱ्या दिवशी मी धर्मेंद्रले म्हणलं, आज कामावर जाऊ नको. तिले पलंगावर टेकून बसवलं अन् तिच्या समोर जमिनीवर बसून सारं सांगतलं. जिन्याचं, वळणाचं, समोशाचं, खिडकीतून टाकलेल्या चिठ्ठीचं. ती माह्या तोंडाकडं पाहात होती. पुरं ऐकलं तिनं. मग हात उचलला. मले वाटलं मारते. मी गाल पुढं केला. तिनं नाकाची नळी सरळ केली अन् हात परत मांडीवर ठेवला.

धर्मेंद्र भिंतीले टेकून उभा होता. म्हणे, "तू तिच्या हातची भाजी खात होती, मावशी."

मी म्हणलं, "हो."

"रोज."

"हो, रोज."

मग तो म्हणे, "हे कागदावर लिहून दे. उद्या पलटशीन." मी म्हणलं, "पेन आण."

दोन पानं झाली. पहिल्या पानावर माहं. दुसरं पान तुहं आहे. शिक्क्याचं लिहिलं, केसपेपरवर तू जे लिहिलं थे लिहिलं, गाल खरबरीत लागल्याचं लिहिलं. तुहं आठ मार्चचं पत्र समोर ठेवून, तुहेच शब्द पाहून पाहून. धर्मेंद्रले त्यातलं काहीच माहीत नव्हतं. मी एकाच पानावर थांबली असती तर त्यानं विचारलंही नसतं. पेन तिथं थांबलाच होता. माय गेली तवा तुले तीन वर्षांची कडेवर घेऊन तेल्हाऱ्याहून निघाली होती, थो दिवस डोळ्यांसमोर आला. तू रस्ताभर माहा कान धरून ठेवला होता. मग मी दुसरं पान लिहिलं.

लिहिलेलं तिले वाचून दाखवलं. तुहं नाव आलं तवा तिनं डोळे मिटले. धर्मेंद्रनं पेन दिला. तिनं माह्याकडं न पाहता सही केली. नाव पुरं लिहिलं.

मायबाप सरकार अन् कॉलेज काय करतील मले माहीत नाही. धर्मेंद्र येत्या सोमवारी थे कागद घेऊन अमरावतीले जाते. तुहं सर्टिफिकेट अडकीन. कदाचित भेटणारच नाही. हे तुले दुसऱ्या कोणाकडून समजू नये म्हून आधी लिहून राहिली. तुह्या त्या पांढऱ्या केसांच्या डॉक्टरीणबाईले मैत्रिणीची गोष्ट सांगतली, आता तुही सांग. तिथं असेपर्यंत सांग.

तू जूनपर्यंत थांब म्हणली. जून झाला असता, मग नोकरी लागेपर्यंत थांब म्हणली असती, मग लग्न होईपर्यंत. मले हे कसं माहीत? मी फक्त अकरा दिवस थांबाचं ठरवलं होतं.

तुही शिव्या देणारी चिठ्ठी आली तरी मी वाचीन. नाही आली तरी समजीन.

तीस तारखेले तुहं विमान नागपूरले उतरते. मी घ्याले येणार नाही. त्या दिवशी सुंदराचा शेक आहे अन् धर्मेंद्रले सुट्टी नाही. कोणीतरी संग पाहिजे. जयंतीच्या दुसऱ्या दिवसापासून तिनं मले घरात घेतलं नाही. देवमनची बायको नेते तिले, पण तीस तारखेले ती पातूरले लग्नाले चालली. सुंदरा मले संग बसू देईन का नाही, माहीत नाही. मी सकाळी आठ वाजता ऑटोजवळ जाऊन उभी राहीन.

शालू